मीटर आणि मिनिटे यांची बेरीज
नॉर्वेच्या राष्ट्रीय स्की-स्पर्धेतील एक हिशेब

यंदाच्या वार्षिक क्रीडास्पर्धा संपल्यावर जिमखान्याच्या खोलीत जो वाद झाला, तो आपणांपैकी बऱ्याच जणांच्या कानावर आला असेल. ‘जनरल चॅम्पियनशिप’ची ढाल कोणाला द्यावयाची यावरून विज्ञान आणि वाणिज्य शाखांच्या मुलांत जुंपली होती. आपल्याकडे पहिल्या क्रमांकाला पाच, दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्याला एक गुण देऊन बेरीज करण्याची प्रथा आहे. वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, गोळाफेकीत पहिला आला तो दुसऱ्याच्या दीड मीटर पुढे होता. शंभर मीटरला मात्र दुसरा आलेला पहिल्याच्या नुसता छातीभर मागे होता. मग दोन्हीकडे फरक दोनच गुणांचा कसा?”

हिशेबनीस म्हणून मी तेथे बसलो होतो. गणित शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला असा प्रश्न ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून टाळणे शोभत नाही. मी त्याला म्हटले, “अरे, या प्रश्नाशी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झगडत आलेला एक देश आहे. त्याची हकिगत नियतकालिकात लिहितो, मग भांड.” तो शब्द पाळण्यासाठी हा लेख. देश नॉर्वे, आणि स्पर्धा तेथील राष्ट्रीय स्की-अजिंक्यपदाची. बेळगावच्या थंडीचे आपण कितीही कौतुक केले तरी बर्फ आपल्या वाट्याला येतो तो शीतपेटीतलाच, तेव्हा थोडी ओळख आधी करून द्यावी लागेल.

स्की म्हणजे पायाला बांधावयाच्या लांब, अरुंद, टोकाशी वर वळलेल्या पट्ट्या. पूर्वी त्या लाकडाच्या असत. बर्फात पाय रुतू नये आणि घसरत पुढे जाता यावे, हा त्यांचा मूळ उपयोग. यात दोन घराणी आहेत. आल्प्स पर्वतातल्या प्रकारात बुटाची टाचसुद्धा स्कीला जखडलेली असते आणि खेळाडू उतारावरून खाली येतो. नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या प्रकारात बुटाचे फक्त पुढचे टोक बांधलेले असते, टाच मोकळी. टाच मोकळी असल्याने माणसाला सपाटीवर धावता येते, चढ चढता येतो. नॉर्डिक घराण्याच्या मुख्य शाखा तीन : जंगलाच्या वाटांवरून लांब पल्ल्याची धाव, उतारावरून वेगाने येऊन हवेत झेप घेण्याची उडी, आणि एकाच खेळाडूने ही दोन्ही कामे करून दाखवावयाची ती संयुक्त स्पर्धा. आपला प्रश्न या तिसरीत आहे. धावण्याचे माप मिनिटे आणि सेकंद. उडीचे माप मीटर, शिवाय पंचांनी शैलीबद्दल दिलेले गुण. या तिन्हींची बेरीज करून राष्ट्रात पहिला कोण हे सांगावयाचे आहे.

मुळात असली अडचणीची स्पर्धा काढलीच कशाला, असे कोणी विचारील. त्यासाठी तेलेमार्क प्रांतातल्या मोर्गेदाल या खेड्यात जावे लागते. तेथे १८२५ साली सोन्द्रे नूर्हेइम जन्मला. दुसऱ्याच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा, कुळासारखा गरीब माणूस. त्याने लवचीक डहाळ्यांचे पीळ टाचेमागून घेऊन स्की पायाला अशी बांधली की वळताना किंवा उडी घेताना ती निसटू नये, आणि टाच तर उचलता यावी. तेवढ्या एका बांधणीने स्की हे नुसते वाहन न राहता खेळाचे साधन झाले. १८६८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो राजधानी ख्रिस्तियानियाच्या स्पर्धेत उतरला. (याच शहराला १९२५ पासून ओस्लो म्हणतात.) गावाहून तो स्कीवरूनच आला असे सांगतात. शहरी मंडळी एक काठी दोन्ही हातांत धरून तिच्यावर रेलत उतार उतरत असत. त्यांनी या खेडुताला काठीचा आधार न घेता उडी मारून, वळून, थांबताना पाहिले आणि थक्क झाली. पुढे १८८४ मध्ये तो पोटासाठी अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये नॉर्थ डाकोटात वारला.

नूर्हेइमच्या गावात धाव वेगळी आणि उडी वेगळी असा भेद नव्हता. डोंगरातून घरी यावयाचे म्हणजे चढ चढावा लागे, सपाटी तुडवावी लागे, आणि उतारावर खडक किंवा बांध आडवा आला तर त्यावरून झेप घ्यावी लागे. हे सर्व त्याच दोन पट्ट्यांवर. ज्याला हे सर्व येते तोच स्की जाणणारा, अशी त्यांची समजूत. १८७९ पासून ख्रिस्तियानियाजवळ हुसेबीच्या टेकडीवर मोठ्या स्पर्धा भरू लागल्या, १८८३ मध्ये स्कीच्या प्रसारासाठी संस्था निघाली आणि १८९२ मध्ये होल्मेनकोलेन येथे आज जगप्रसिद्ध झालेली स्पर्धा सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी सर्वांत लांब उडी होती साडेएकवीस मीटर. आज साध्या टेकडीवर नव्वद मीटरच्या पुढे जातात.

१९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून विभक्त होऊन स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्राला आपले म्हणावे असे काही हवे होते. नान्सेनने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडल्यापासून ते स्कीच्या रूपाने तयारच होते. नवा राजा हाकोन हा जन्माने डॅनिश, पण त्याचा मुलगा युवराज ओलाव १९२२ व १९२३ मध्ये होल्मेनकोलेनच्या उडीत स्वतः उतरला. १९०८ मध्ये राष्ट्रीय स्की-महासंघ स्थापन झाला, आणि १९०९ मध्ये त्रोनहेम शहराजवळच्या ग्रोकालेन येथे पहिले अधिकृत राष्ट्रीय अजिंक्यपद लढवले गेले. ते कशाचे? संयुक्त स्पर्धेचे. राष्ट्राचा अजिंक्य म्हणजे दोन्ही जाणणारा, हा मोर्गेदालचा विचारच त्यात होता. विजेत्याला राजाच्या नावाचा चषक देण्याची नॉर्वेजियन रीत आजही मोठ्या मानाची आहे.

आता हिशेबाकडे वळू. तीन मार्ग संभवतात.

पहिला आपल्या जिमखान्याचा, क्रमांकांची बेरीज. त्याचा दोष आपल्या विद्यार्थ्याने दाखवलाच आहे : क्रमांक अंतर गिळून टाकतो. एक खेळाडू उडीत पहिला आणि धावण्यात दुसरा, दुसरा खेळाडू नेमका उलट, म्हणजे दोघांचेही आठ गुण. हिशेब तेथेच अडतो.

दुसरा मार्ग कोष्टकाचा. धावण्याच्या वेळेला गुण, उडीला गुण, आणि दोहोंची सरासरी. १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले तेव्हा हाच मार्ग होता. नॉर्वेचा थोरलीफ हाउग तेथे संयुक्त स्पर्धेत पहिला आला. १८ किलोमीटरच्या धावेत त्याला वीसपैकी वीस, उडीत १७.८१२, सरासरी १८.९०६. हाउग हा त्या काळचा अव्वल पुरुष. १८ आणि ५० किलोमीटरच्या धावाही त्यानेच जिंकल्या. पण मला खटकतात ती दशांश चिन्हापुढची तीन घरे. पंच डोळ्यांनी शैली पाहून अर्ध्या अर्ध्या गुणाने गुण देणार आणि निकाल हजारांश भागापर्यंत काढणार! प्रयोगशाळेत साध्या पट्टीने लांबी मोजून उत्तर पाच दशांश स्थळांपर्यंत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वहीवर मी लाल शाई ओढतो ती याचसाठी.

आणि त्याच शामोनीत, केवळ उडीच्या स्वतंत्र स्पर्धेत, बेरजेची चूक झाली. तिसरे स्थान आणि कांस्यपदक हाउगला मिळाले. चौथा ठरला अमेरिकेकडून खेळणारा अँडर्स हाउगेन. हा जन्माने तेलेमार्कचाच, १९०९ च्या सुमारास अमेरिकेत गेलेला. खरे पाहता हाउगच्या गुणांचा हिशेब चुकला होता आणि तिसरा हाउगेन होता. हे कोणाच्या लक्षात आले नाही. हाउग १९३४ मध्ये वारला. पन्नास वर्षांनी, त्याच ऑलिंपिकमध्ये रौप्यपदके मिळवलेल्या थोराल्फ स्ट्रेमस्टाड या वृद्ध खेळाडूने ही शंका बोलून दाखवली, स्कीचा इतिहासकार याकोब वोगे याने जुने कागद पुन्हा तपासले, आणि चूक निघाली. १९७४ मध्ये हाउगच्या मुलीने ओस्लोत आपल्या वडिलांचे पदक हाउगेनच्या हाती दिले. त्या वेळी तो पंचाऐंशी वर्षांचा होता. स्की-उडीत अमेरिकेला मिळालेले ते एकमेव ऑलिंपिक पदक.

ही हकिगत प्रथम वाचली तेव्हा मला झोप आली नाही, कारण असा एक कागद माझ्याही कपाटात आहे. कित्येक वर्षांपूर्वी अशाच एका क्रीडास्पर्धेचा तक्ता मी भरला होता. उंच उडीत दुसऱ्या आलेल्या मुलाचे तीन गुण माझ्या हातून शेजारच्या ओळीत पडले. ढाल त्या शेजारच्याला गेली. चार वर्षांनी कपाट आवरताना तक्ता हाती आला, सहज बेरीज करून पाहिली आणि अंगाला घाम फुटला. ज्याची ढाल गेली तो विद्यार्थी तोवर हुबळीला नोकरीस लागला होता. त्याचा पत्ता काढून मी पत्र घातले. त्याने फोन केला, “सर, जाऊ द्या हो, कधीची गोष्ट” म्हणून हसला, मग थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “त्या दिवशी घरी सांगितलं होतं, ढाल आणतो म्हणून.” ढालीवरची पितळी पट्टी आजही तशीच आहे. ती बदलावी असे मी दोनदा सुचवले. जुने प्रकरण उकरू नये असे मत पडले.

असो. तिसऱ्या मार्गाकडे येऊ. तोच या लेखाचा गाभा आहे.

कोष्टकाच्या मार्गात आणखी एक मोठी अडचण होती, आणि ती गणिताची नव्हे. शेवटच्या रेषेवर प्रथम पोचलेला खेळाडू विजेता आहे की नाही हे प्रेक्षकाला कळत नसे. खेळाडूंना एकेक करून ठरावीक अंतराने सोडत. सगळे आले की कारकून कोष्टके उघडून बसत आणि मग निकाल. गारठ्यात उभ्या राहिलेल्या माणसाने टाळी कोणासाठी वाजवावी? यावर तोड काढली गुंडर गुंडरसन या नॉर्वेजियन गृहस्थाने. तो स्वतः १९५० नंतरच्या दशकात संयुक्त स्पर्धेत जागतिक पदके मिळवलेला खेळाडू. त्याची युक्ती अशी : बेरीज शेवटी करूच नका, आधीच करा. उडी प्रथम घ्या. (१९५२ च्या ओस्लो ऑलिंपिकपासून उडी आधी घेण्याचा प्रघात पडलाच होता, त्यापूर्वी धाव आधी असे.) उडीतल्या गुणांच्या फरकाचे सेकंद करा. उडीत पहिला आलेला धावेत पहिला सुटेल. बाकीचे जितके गुण मागे, तितक्या सेकंदांनी मागून सुटतील. मग जो रेषा प्रथम ओलांडील तो विजेता. कागद, पेन्सिल, कारकून काही नको. १९८५ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आणि १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये ही पद्धत आली आणि रुळली. तिला गुंडरसन पद्धत असेच म्हणतात.

उदाहरण घेऊन पाहू. वहीत करून पाहावे. साध्या टेकडीवर नव्वद मीटरवर एक रेषा असते असे धरा. तेथे उतरणाऱ्याला अंतराचे ६० गुण. पुढच्या प्रत्येक मीटरला दोन गुण जास्त, अलीकडच्या प्रत्येक मीटरला दोन कमी. शैलीसाठी पाच पंच, प्रत्येकाकडे वीस गुण. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा सोडून उरलेल्या तिन्हींची बेरीज घ्यावयाची. (उतरताना एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, ही तेलेमार्कची ठेवण साधली नाही तर पंच गुण कापतात. नूर्हेइमचा प्रांत असा अजून नियमात जिवंत आहे.) ‘अ’ ने ९६ मीटर उडी घेतली : ६० अधिक १२, म्हणजे ७२. पंचांचे आकडे १८, १८.५, १७.५, १८, १८. टोकाचे दोन गेले, राहिले ५४. एकूण १२६. ‘ब’ ने घेतली ९१.५ मीटर : ६० अधिक ३, म्हणजे ६३. पंच १७.५, १८, १७.५, १७.५, १८, टोकाचे दोन सोडून ५३. एकूण ११६. फरक दहा गुणांचा. दहा किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीसाठी रुळलेला दर १५ गुणांना एक मिनिट, म्हणजे गुणाला चार सेकंद. तेव्हा ‘ब’ हा ‘अ’ च्या ४० सेकंद मागून सुटेल. ‘अ’ ला धावेला २५ मिनिटे ५० सेकंद लागली, ‘ब’ ला नेमकी २५ मिनिटे. ‘ब’ ने ५० सेकंद भरून काढले, तो दहा सेकंदांनी जिंकला.

आता दर बदला. गुणाला चार ऐवजी सहा सेकंद धरा. ‘ब’ एक मिनिट मागून सुटेल, तेवढेच ५० सेकंद भरून काढील आणि दहा सेकंदांनी हरेल. तीच उडी, तीच धाव, तीच माणसे. अजिंक्य मात्र दुसरा. चार सेकंद हा दर बर्फात कोठे कोरलेला नाही. तो बैठकीत बसून ठरवलेला आहे, आणि आजवर तो एकदाच ठरला असेही नाही. एक मीटर उडी बरोबर आठ सेकंद धाव, हे समीकरण निसर्गाने दिलेले नसून आपण केलेला करार आहे. गुंडरसनची थोरवी मला यात दिसते की त्याने तो करार लपवला नाही. धाव सुरू होण्यापूर्वी सर्वांसमोर मांडून ठेवला. वाऱ्याची दिशा आणि सुटण्याची उंची यांबद्दल गुणांत वजाबाकी-बेरीज करण्याचे नियम नंतर आले. त्यांत शिरत नाही.

मात्र हिशेब सुटला तरी खेळाडू दुर्मिळ होत चालला. उडीला हवे हलके शरीर आणि मांडीतला एका क्षणाचा झटका; धावेला हवे हृदय आणि फुप्फुस. उडीची स्की लांब व रुंद, धावेची अरुंद व हलकी. १८९२ मध्ये एकाच जोडीवर दोन्ही होत असे. पुढे धावणारे धावण्यात आणि उडणारे उडण्यात तज्ज्ञ झाले, त्यांच्या स्वतंत्र अजिंक्यपदांना लोकांची गर्दी होऊ लागली आणि मूळची मानाची संयुक्त स्पर्धा मागे पडली. आपल्याकडेही गणित आणि संस्कृत एकत्र घेणारा विद्यार्थी आता कोठे दिसतो?

मानाच्या या स्पर्धेत मधे एक खंडही पडला, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला आणि नव्या राजवटीने क्रीडासंस्था ताब्यात घेतल्या. खेळाडूंनी सरकारी स्पर्धांवर बहिष्कार घातला. अजिंक्यपद मिळवण्याची उमेद असलेली तरुण पोरे घरी बसली, काहींनी रानात चोरून शर्यती घेतल्या. १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये उडीचे सुवर्णपदक मिळवलेला बिर्गर रूड याला ग्रीनीच्या छावणीत डांबले गेले. सुटून आल्यावर १९४८ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, त्याने पुन्हा ऑलिंपिकमध्ये उडी घेऊन रौप्यपदक मिळवले.

अलीकडची अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. संयुक्त स्पर्धेतील मुलींसाठी पहिले जागतिक अजिंक्यपद २०२१ मध्ये ओबर्स्टडॉर्फ येथे झाले. त्यात तिन्ही पदके नॉर्वेच्या मुलींनी नेली; पहिली आली गिडा वेस्टवोल्ड हान्सेन. पण जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२६ च्या ऑलिंपिकमध्ये मुलींना प्रवेश नाकारला आणि पुरुषांच्या स्पर्धेच्या भवितव्यावरही प्रश्नचिन्ह लावले. कारणे दोन : प्रेक्षक थोडे, आणि मागील तीन ऑलिंपिकमधली सर्व २७ पदके नॉर्वे, जर्मनी, जपान व ऑस्ट्रिया या चारच देशांनी घेतलेली. दुसरे कारण आकड्यांत खरे आहे. तरी मला ते पटत नाही. मुलींना आत घेतले असते तर देशांची संख्या वाढण्याचा संभव होता, आणि मुलींची शाखा नुकती रुजत असताना पुरुषांच्या पदकांचा तक्ता तिच्यापुढे धरणे हा चुकीच्या ओळीत गुण टाकण्यातलाच प्रकार झाला.

आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग येथे भरणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत नॉर्डिकपैकी धावण्याच्या शर्यती होतात. तेथे सुवर्णपदके मिळवणारी भवानी तेक्कड नंजुंडा ही मुलगी कोडगूची, म्हणजे आपल्याच राज्यातली, कॉफीच्या मळ्यांच्या आणि मुसळधार पावसाच्या मुलखातली. कन्नड विभागाच्या संपादकांनी तिच्यावर स्वतंत्र लेख मिळवावा अशी माझी त्यांना विनंती आहे.

राहिला आपल्या ढालीचा प्रश्न. पुढील वर्षासाठी मी जिमखाना समितीपुढे एक कोष्टक ठेवले आहे : प्रत्येक प्रकारात गेल्या दहा वर्षांतल्या पहिल्या तिघांच्या कामगिरीची सरासरी ही १०० गुणांची रेषा, आणि तिच्यापुढे-मागे सेकंदाला किंवा सेंटिमीटरला किती गुण हे आधीच छापलेले. दर चुकीचा वाटला तर स्पर्धेपूर्वी भांडावे, नंतर नाही. दहा वर्षांचे जुने तक्ते जिमखान्याच्या कपाटात आहेत. सरासरी काढण्यासाठी मला चार विद्यार्थी हवे आहेत. वाणिज्य शाखेच्या त्या प्रश्नकर्त्याने पहिले नाव दिलेच आहे. यंदाचा गुणतक्ता मी सूचनाफलकावर लावला आहे. बेरीज तपासून पाहावी आणि चूक सापडल्यास बक्षीस समारंभापूर्वी गणित विभागात येऊन मला दाखवावी.